टेकडीवर काही बांधू नका, टेकडीपर्यंत नीट पोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या टेकड्यांबद्दल तुमच्या पेपरात बरंच येतं, सायकल ट्रॅकबद्दलही येतं, पण दोन्ही विषय वेगवेगळ्या पानांवर. टेकडी म्हणजे पर्यावरणवाल्यांचं काम आणि सायकल ट्रॅक म्हणजे ट्रॅफिकवाल्यांचं, असं काहीतरी झालंय. मी कोथरूडला राहते, आमच्या घरातून रोज कोणी ना कोणी वेताळ टेकडीवर जातं, मुलगी क्लासला सायकलने जाते, त्यामुळे आमच्यासाठी तरी ही एकच वाट आहे, सोसायटीच्या गेटपासून सुरू होते आणि वर वेताळाच्या देवळापर्यंत जाते. माझं म्हणणं असं आहे की या वाटेचा वरचा भाग आहे तसा राहू द्या, तिथे सिमेंटची एक पाटीसुद्धा नको, आणि जो काही पैसा आणि उत्साह आहे तो खालच्या भागावर लावा, म्हणजे घर ते टेकडीचा पायथा.

असं का म्हणते ते सांगते. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. टेकडी त्या आरामात चढतात, मध्ये एखाद्या दगडावर बसतात, ओळखीचं कोणी भेटलं की गप्पा मारतात आणि परत निघतात. चढाचं त्यांना काही नाही. त्यांना भीती वाटते ती पौड रोड ओलांडायची. सकाळी त्या एकट्या जात नाहीत, कोणाला तरी रस्त्याच्या पलीकडे सोडायला जावं लागतं, आणि एकदा पलीकडे गेल्या की मग वरचं सगळं त्यांचं त्या बघतात. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा अजून आज्या आणि आजोबा आहेत. त्यातल्या काहींनी टेकडीला जाणंच सोडलं, आता ते पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारतात, गुडघे दुखतात म्हणून नाही तर रस्ता ओलांडायची हिंमत होत नाही म्हणून. शहरात एवढी मोठी टेकडी असून माणसाने पार्किंगमध्ये चालायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

जे पुण्यात नवीन आहेत किंवा नदीपलीकडे राहतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. वेताळ टेकडी ही शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, आणि खाली शहर ५६० च्या आसपास. एकच टेकडी म्हणतो आपण पण खरं तर ती एक लांबलचक रांग आहे, लॉ कॉलेजच्या मागून चढलात तरी वर पोचता, पौड रोडच्या बाजूने केळेवाडीकडून, सुतारदऱ्यातून, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्याने, पाषाणच्या बाजूने पंचवटीतून, तिकडे गोखलेनगरकडून, कुठूनही. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी आणि चतुःशृंगी ही त्याच कुटुंबातली. भांबुर्ड्याचं राखीव जंगल याच्यातच येतं. वर जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या गणेरीच्या झाडांवर मोठी पिवळी फुलं येतात, सालई आहे, खैर आहे, मोई आहे, आणि वनखात्याने पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची झाडं तर भरपूर. मोर ओरडताना ऐकू येतात. पावसाच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो तेव्हा कॅमेरे घेऊन लोक पहाटेपासून हजर असतात.

आणि या सगळ्यातून ज्या पाऊलवाटा जातात त्या कोणी टेंडर काढून केलेल्या नाहीत. लोकांच्या चालण्याने झाल्यात. म्हणूनच त्या बरोबर आहेत असं मला वाटतं, चढ जिथे सोपा तिथून वाट वळते, झाड आलं की बाजूने जाते, जास्त लोक जातात ती रुंद आणि कमी जातात ती बारीक. पायाखाली मुरूम आणि माती. डॉक्टर लोक गुडघ्यांसाठी मऊ जमिनीवर चाला म्हणून सांगतात, ती जमीन इथे फुकट आहे. पाणी मुरतं ते वेगळंच. आपला बेसॉल्टचा खडक, त्याच्या भेगांमधून आणि वरच्या मुरमातून पावसाचं पाणी खाली झिरपतं आणि पायथ्याच्या भागातल्या विहिरींना, बोअरना मिळतं, हे पुण्यातल्याच भूजल अभ्यासकांनी कितीदा सांगितलंय. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर सुरू झाले की मला तर आधी टेकडीच आठवते.

आता कोणी म्हणेल की वाटा खराब होतायत, घसरतायत, पावसाळ्यात ओहोळ होतात, मग करा ना पक्क्या. खराब होतात हे खरंय. पण कशामुळे होतात ते बघा. एक म्हणजे शॉर्टकट. वळणाची वाट सोडून लोक सरळ उतारावरून खाली येतात, गवत जातं, माती मोकळी होते, पहिल्या मोठ्या पावसात तिथे घळ पडते. दुसरं म्हणजे वर नेलेल्या मोटरसायकली, त्यांच्या चाकाने मुरूम उखडतो आणि घसारा तयार होतो ज्याच्यावर म्हातारी माणसं घसरतात. यावर उपाय जुने आणि स्वस्त आहेत, वाटेला तिरका दगडांचा एक थर बसवायचा की पाणी वाटेवरून न धावता बाजूला जातं, उतारावर दगडांचे छोटे बांध, शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या, खूप चढ असेल तिथे तिथलेच दगड लावून चार पायऱ्या. टेकडीवर जाणारे कितीतरी लोक हे स्वतः करतात. खालून पाण्याच्या बाटल्या आणि कॅन भरून नेऊन रोपांना घालतात, वर्षानुवर्षं, कुठेही नाव न लावता. या लोकांना वनखात्याने वर्षातून दोनदा नीट मार्गदर्शन दिलं, कुठे बांध घालायचा कुठे नाही हे सांगितलं, तरी वाटा चांगल्या राहतील. त्याला कोट्यवधी लागत नाहीत.

याउलट एकदा पेव्हर ब्लॉक टाकले की काय होतं ते आपण बाकीच्या बागांमध्ये बघतोच. ब्लॉकखाली माती दबते, पाणी वरूनच वाहून जातं, कडेला जिथे ब्लॉक संपतो तिथे जोरात उतरतं आणि तिथली माती नेतं, मग कडा ढासळते, मग भिंत बांधा, मग भिंतीला रेलिंग लावा. त्यानंतर दिवे येतात. दिवे आले की रात्री लोक येतात, रात्रीच्या प्राण्यापक्ष्यांचं काय होत असेल ते सोडाच पण पार्ट्यांच्या बाटल्या सकाळी चालणाऱ्यांच्या पायाखाली येतात. टेकडीवर लूटमारीच्या बातम्या आल्या की लगेच दिवे लावा म्हणतात, बायकांच्या सुरक्षेसाठी म्हणतात, म्हणून एक बाई म्हणून सांगते की मला तिथे रात्री जायचंच नाहीये. मला सकाळी आणि संध्याकाळी उजेड असताना वर दोन गस्त घालणारी माणसं हवीत आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना खाली आणणारी शिट्टी हवी.

मुंबईत पवई तलावाच्या कडेने सायकल ट्रॅक करायला घेतला होता ते अनेकांना आठवत असेल. सायकल ट्रॅक म्हटल्यावर कोण विरोध करेल, चांगलीच गोष्ट, पण तो तलावाच्या काठावर भर घालून चालला होता, मगरी आहेत तिथे, पाणथळ जागा आहे. लोक कोर्टात गेले आणि मे २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते काम बेकायदेशीर ठरवलं, केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करा म्हणून सांगितलं. म्हणजे पैसा गेला, तलावाला त्रास झाला तो झाला आणि सायकलवाल्यांच्या हातात काही नाही. मी सायकलच्या बाजूची आहे आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. घरून शाळेत, ऑफिसला, मंडईत जायला सायकलचा रस्ता मिळत नाही तोपर्यंत तलावाभोवती किंवा टेकडीवर केलेला ट्रॅक हा गाडीच्या डिकीत सायकल घालून आणणाऱ्यांसाठीच होतो.

आता खालच्या भागाकडे येते, खरं दुखणं तिथेच आहे.

आमच्या गेटपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत फार तर पंधरा-वीस मिनिटं. एवढ्यात काय काय लागतं बघा. आधी फुटपाथ इतका उंच की वयस्कर माणसाला हात धरून चढवावं लागतं, मग दर दहा पावलांवर कोणाच्या तरी गेटचा उतार, म्हणजे चढा-उतरा चढा-उतरा, मग विजेचा डीपी बॉक्स फुटपाथच्या बरोबर मधोमध, मग झाडाचा पार, झाड राहू दे त्याच्याबद्दल तक्रार नाही, मग दुकानाची पाटी, मग लावलेल्या स्कूटर, आणि शेवटी माणूस कंटाळून रस्त्यावर उतरतो आणि गाड्यांच्या कडेने चालायला लागतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ सालच्या नियमांत साफ लिहिलंय की फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच, एक साधी पायरी. कोणीही पट्टी घेऊन आपल्या घरासमोरचा फुटपाथ मोजून बघावा. मी मोजलाय. आमच्या इथे काही ठिकाणी त्याच्या दुप्पट भरतो. मी याबद्दल संबंधित ऑफिसात अर्ज दिला, फोटो जोडले, पोच मिळाली, पुढे काही नाही. तक्रार कोणाच्या नावाने करायची नाहीये मला, पण असे अर्ज देणारी मी एकटी नक्कीच नसेन.

मग रस्ता ओलांडणं. साधा हिशेब आहे. तरुण माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो, वयस्कर माणूस पाऊण मीटर वगैरे. समजा रस्ता चोवीस मीटर रुंद आहे, तर तरुणाला वीस सेकंद आणि माझ्या सासूबाईंना बत्तीस सेकंद लागणार. आणि चालणाऱ्यांचा हिरवा सिग्नल जिथे आहे तिथे तो किती सेकंदांचा असतो ते उभं राहून बघा, आणि त्यातही डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत ते वेगळंच. आमच्या पौड रोडला मेट्रोचे खांब आलेत मधोमध, दुभाजक आहे, तर त्या दुभाजकातच खांबांच्या मध्ये थांबायला एक नीट सपाट जागा केली, दोन्ही बाजूंना जरा उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग केलं ज्याच्यावरून गाडीला हळूच जावं लागेल, तर अर्धा रस्ता एकदा आणि अर्धा नंतर असं ओलांडता येतं. लोक सांगतात मेट्रो स्टेशनच्या जिन्याने जा ना वरून. अहो जिथे ओलांडायचं असतं तिथे स्टेशन असतंच असं नाही, आणि केळेवाडीतून, किष्किंधानगरमधून सकाळी निघालेली, सहा घरची कामं करणारी मावशी जिने चढून-उतरून वळसा घालणार नाही, ती समोरूनच ओलांडणार, तिला आठ वाजता पहिल्या घरी पोचायचंय.

या मावशींचा विषय मला मुद्दाम काढायचाय कारण फुटपाथ आणि सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रविवारी सकाळी हेल्मेट घालून खडकवासल्याला निघालेला ग्रुप येतो. तेही चांगलंच आहे, जरूर जा. पण रोज चालणारे आणि रोज सायकल चालवणारे लोक दुसरे आहेत. रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन, बांधकामावरचे कामगार, पेपर टाकणारी मुलं (संपादकसाहेब, तुमचा हा अंक आमच्या दारात सायकलवरूनच येतो), भाजीवाले, शाळेची पोरं. यांच्यातलं कोणीही पत्र लिहीत नाही, बैठकीला येत नाही, आणि मग बैठकीत ठरतं की पुण्यात आता सायकल कोण चालवतं. चालवतात, पण तुमच्या गाडीच्या काचेतून दिसत नाहीत कारण ते जीव मुठीत धरून एकदम कडेने जात असतात.

पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं हे आमच्या पिढीला सांगायला नको. घरटी सायकल, सायकलला म्युनिसिपालिटीचा बिल्ला, तासावर भाड्याने मिळायची, डबलसीट गेलं किंवा रात्री दिवा नसला की पोलीस पकडायचे. ते सगळं परत येईल असं म्हणत नाही, अंतरं वाढलीत, हिंजवडीला रोज सायकलने जा असं कोणाला कसं सांगणार. पण कोथरूडमधल्या कोथरूडमध्ये, औंधमधल्या औंधमध्ये, दोन-तीन किलोमीटरच्या आत जे आपण दिवसभर स्कूटर काढतो, दूध, क्लास, बँक, देऊळ, टेकडी, त्याच्यासाठी तर सायकल आणि पायच बरोबर आहेत.

ट्रॅक झालेच नाहीत असं नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेच्या काळात, २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली तेव्हा सातारा रोड, सोलापूर रोडला बाजूने ट्रॅक झाले. नंतर इतर रस्त्यांवरही तुकडे झाले. पण ते तुकडेच राहिले. ट्रॅक चाललाय चाललाय आणि बस स्टॉपपाशी गायब, मग पुढे परत पन्नास मीटर, मग चौक आला की संपला, आणि चौकातच तर सायकलवाल्याला सगळ्यात जास्त गरज असते. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी इतके जवळजवळ खांब रोवतात की सायकलचं हँडल अडकतं आणि व्हीलचेअर तर जाऊच शकत नाही. साखळीचा एक दुवा तुटला की अख्खी साखळी फुकट, तसं आहे हे. माझ्या मुलीला मी नव्वद टक्के वाट चांगली आहे म्हणून पाठवू शकत नाही, उरलेल्या दहा टक्क्यांत काय होईल याचीच काळजी असते. मग पालक स्कूटरवर सोडायला जातात आणि शाळेसमोर ट्रॅफिक जॅम.

२०१७ साली पुणे महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं. तो चांगला आराखडा होता, मनापासून सांगते, कारण त्याच्यात मोठ्या रस्त्यांना वेगळा ट्रॅक आणि लहान रस्त्यांना सायकल धरून सगळ्यांनी हळू जायचं असा विचार होता, सगळीकडे एकच मापाचा ट्रॅक असा हट्ट नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या, ॲपने उघडायच्या, काही महिने जिकडेतिकडे रंगीत सायकली दिसायच्या, पोरं खूश होती. दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. लोकांनी मोडतोड केली, चोरल्या असं म्हणतात, तेही झालं असेल, पण मला वाटतं की सायकली आधी आल्या आणि रस्ता आलाच नाही हे मोठं कारण. नवीन माणूस हौसेने एकदा सायकल घेतो, विद्यापीठ चौकात एकदा घाबरतो आणि परत घेत नाही.

आणि आपल्याला जमतच नाही असंही नाही ना. जंगली महाराज रस्ता बघा. संभाजी बागेच्या बाजूने रुंद फुटपाथ केला, बसायला जागा, मुलांना खेळायला काय काय, तेव्हा किती ओरडा झाला होता की पार्किंग गेलं, धंदा बसणार. आज संध्याकाळी तिथे चालायला जागा नसते एवढे लोक असतात. दुकानंही चालू आहेत सगळी. ११ डिसेंबरला गेली काही वर्षं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करतात, गाड्या बंद, लोक मुलांना घेऊन रस्त्याच्या मधून चालतात, आजी-आजोबा खुर्च्यांवर बसतात. एक दिवस का होईना पण लोकांना हवंय हे दिसतं त्यातून. २०२५ च्या मे महिन्यात तर सुप्रीम कोर्टाने फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मध्येच येतो असं सांगितलं, म्हणजे जगण्याच्या हक्कात, आणि फुटपाथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत, त्यावरची अतिक्रमणं काढली पाहिजेत असंही. केंद्राचं शहरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतंय की विचार गाड्यांचा नको, माणसांचा करा. कागदावर सगळं आपल्या बाजूने आहे.

बालभारती-पौड फाटा रस्त्याबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पूर्ण होणार नाही. टेकडीच्या कुशीतून जाणारा साधारण दोन किलोमीटरचा हा प्रस्तावित रस्ता आणि त्याच्याबरोबर चर्चेत आलेले बोगदे यांना पुणेकरांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारोंच्या संख्येने रस्त्यावर येऊन विरोध केला, मी आणि माझ्या सासूबाई त्यात होतो. लॉ कॉलेज रोडवर आणि सेनापती बापट रोडवर रोज संध्याकाळी काय होतं हे मला माहितीये, तिथे अडकलेल्या माणसाचा राग मी समजू शकते, तो खोटा नाही. पण नवा रस्ता झाला की काही वर्षांत तोही भरतो हे कर्वे रोडच्या फ्लायओव्हरखाली राहणाऱ्या आम्हाला कोणी सांगायला नको. त्या गर्दीतली जी छोटी अंतरं आहेत, कोथरूड ते नळ स्टॉप, नळ स्टॉप ते डेक्कन, ती जर लोकांना चालत, सायकलने किंवा मेट्रोने करता आली तर जे खरोखर लांब चाललेत त्यांना रस्ता मोकळा मिळेल. हे करून तरी बघा एकदा, टेकडी काय पळून जात नाहीये, पण एकदा फोडली की परत जोडता येत नाही.

आणि यासाठी नवी जमीनसुद्धा फार लागत नाही. कोथरूडच्या आतल्या गल्ल्या आहेत, मयूर कॉलनी, भेलकेनगर, आयडियल कॉलनी, डहाणूकर, झाडांची सावली आहे, गाड्या त्यामानाने कमी. कर्वेनगरला कॅनॉल रोड आहे, लॉ कॉलेज रोडच्या मागेही जुन्या कालव्यावरून गेलेला कॅनॉल रोड आहे, सपाट, चढउतार नाहीत कारण कालवाच तो, सायकलला याच्यासारखा रस्ता नाही. या शांत रस्त्यांवर वेगळा ट्रॅक बांधायची गरज नाही, वीस-पंचवीसच्या वर गाडी जाणार नाही असे उंचवटे आणि पाट्या पुरे. खर्च करायचा तो फक्त जिथे हे रस्ते मोठ्या रस्त्याला येऊन भिडतात तिथे. कर्वे रोडला दोन-तीन ठिकाणी, पौड रोडला दोन-तीन ठिकाणी, लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आसपास एक. नळ स्टॉप आणि आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत सलग चालता येईल असा फुटपाथ झाला तर येरवड्याचा माणूससुद्धा मेट्रोने येऊन टेकडी चढेल, आणि एआरएआयच्या रस्त्यावर सकाळी चालायला आलेल्यांच्याच गाड्यांची जी रांग लागते ती कमी होईल. टेकडीवर चालायला गाडी काढून येणारे आपणच आहोत, आमच्या ओळखीतलेही येतात, त्यांना दोष देत नाही, चालत यायची सोय नाही म्हणून येतात.

बाकीच्या टेकड्यांचंही हेच आहे, तळजाई, पर्वती, बाणेर-पाषाण. १९९७ ला शहरात आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांचं ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यान म्हणून राखून ठेवलंय, त्याला २०१५ मध्ये राज्य सरकारची मान्यताही मिळाली, पण त्यातली बरीच जागा अजून खाजगी मालकीची आहे आणि मालकांना मोबदला किती यावर घोडं अडलंय. ते सुटायला हवं लवकर. जमीनमालकालाही न्याय मिळाला पाहिजे, वर्षानुवर्षं लटकत ठेवून कोणाचंच भलं होत नाही, तेवढ्यात पायथ्याकडून एकेक खोली वर सरकत जाते. त्यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं, मी माझ्या भागापुरतं लिहिते.

आता वाचकांना एक विनंती. महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, फॉर्म भरून देता येतो. त्यात दरवर्षी बाकं, नावाच्या कमानी, दिव्यांचे खांब अशीच कामं जास्त सुचवली जातात. यंदा आमच्या सोसायटीने आणि शेजारच्या सोसायट्यांनी मिळून ठरवलंय की सगळ्यांनी एकच काम सुचवायचं, पौड रोडवर टेकडीकडे जाणाऱ्या वाटेसमोर उंच केलेलं क्रॉसिंग आणि दुभाजकात थांबायची जागा, आणि तिथपर्यंतचा फुटपाथ सहा इंचांवर आणायचा. केळेवाडीतल्या बायकांशीही बोलणं झालंय, त्यांच्या बचत गटाच्या सह्या येतायत. तुमच्या भागात टेकडी असेल, नदीकाठ असेल, कालवा असेल, शाळा असेल, तिथे जाताना नेमकं कुठे अडतं ते एकदा लहान मुलाला किंवा वयस्कर माणसाला सोबत घेऊन चालून बघा आणि तेच काम लिहून द्या. आणि तुमच्या पेपरनेही जमल्यास वॉर्डवार अशा अडलेल्या जागांचे फोटो छापायला सुरुवात करावी, एका दिवसाला एक जागा, कोणत्या रस्त्यावर, काय केलं की सुटेल एवढंच. आम्ही कोथरूडचे फोटो पाठवायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे